साडेअकरा पौंड

बडोद्याला उतरा. तारीख ४ जून १९१३. पाऊस अजून लांब आहे. संस्थानच्या शिक्षण खात्याचा अधिकारी समोर बसलाय, टेबलावर करारनामा आहे आणि बावीस वर्षांचे एक गृहस्थ त्याच्यावर सही करताहेत. नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांना अजून कुणी बाबासाहेब म्हणत नाही. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकून तो कागद नीट वाचा. पुढची चार वर्षं तुम्हाला त्यांच्याबरोबर काढायची आहेत आणि या कागदात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहायचं राहिलंय तेच शेवटी महाग पडणार आहे.

लिहिलंय ते असं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण. मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड. शिकून परत आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षं नोकरी. पौंडाला पंधरा रुपये या भावानं महिन्याचे एकशे साडेबहात्तर रुपये होतात आणि तीन वर्षांचे मिळून सहा हजार दोनशे दहा. परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला हा आकडा स्वप्नातला वाटेल. न्यूयॉर्कमध्ये तो किती पुरतो, ते लवकरच बघाल.

हा कागद इथवर कसा आला, तेही थोडक्यात ऐकून घ्या. केळुसकर गुरुजींनी या मुलाला इंटर झाल्यावर सयाजीराव गायकवाडांपुढे नेलं. महाराजांनी पंचवीस रुपये महिना लावून दिला आणि त्यावर एल्फिन्स्टनमधली बी.ए. झाली. जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तोच मुंबईहून वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की वाटेत सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सुभेदार रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारीला ते गेले. त्याला चार महिने होताहेत. घरी पत्नी रमाबाई आहेत, सहा महिन्यांचा यशवंत आहे, आणि कर्ता पुरुष आता सातासमुद्रापार निघालाय.

सयाजीरावांबद्दलही एक गोष्ट मनात ठेवा. १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा हा राजा आहे आणि गावोगावी वाचनालयं काढण्यासाठी त्यानं अमेरिकेहून बोर्डन नावाचा तज्ज्ञ आणवलाय. तो मनापासून देणारा माणूस आहे. मागाहून जे घडेल त्याचा राग त्याच्यावर काढू नका.

बोटीचा प्रवास मी तुम्हाला झटकन घडवतो. जुलैचा तिसरा आठवडा आहे आणि तुम्ही न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आहात. वूलवर्थ इमारत एप्रिलमध्येच खुली झालीय, जगातली सगळ्यांत उंच. तिच्याकडे बघत मान दुखवून घेण्यापेक्षा पाच सेंटचं तिकीट काढून भुयारी रेल्वे पकडा आणि ११६व्या रस्त्यावर वर या. समोर कोलंबिया. रुंद दगडी पायऱ्या, मध्यावर आल्मा मॅटरचा बसलेला पुतळा, आणि पायऱ्यांच्या टोकाला घुमट असलेली लो लायब्ररी. या पायऱ्या पाठ करून टाका. तुमचे सहप्रवासी तीन वर्षांत मुख्यतः इथेच चढता-उतरताना दिसणार आहेत.

पहिला मुक्काम हार्टले हॉल या वसतिगृहात. जेवण काही मानवलं नाही. गोमांस घातलेले पदार्थ, अर्धकच्चं शिजवलेलं अन्न. आठवड्याभरात मुक्काम हलला तो पश्चिम ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात. तिथे हिंदी विद्यार्थी राहतात. तिथून मग लिव्हिंग्स्टन हॉल, आणि खोलीत सोबतीला नवल भथेना नावाचा पारशी तरुण. ही दोस्ती जन्मभराची ठरली.

वसतिगृहात एक गोष्ट मात्र थांबून बघा. भीमराव नळ सोडतात, पेला भरतात, पाणी पितात. तुम्ही म्हणाल, यात बघण्यासारखं काय आहे? साताऱ्याच्या शाळेत तहान लागली की शिपाई नळ उघडून देईपर्यंत वाट बघावी लागे आणि शिपाई नसला की पाणी नाही, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या हॉटेलवाल्यानं त्यांना चहा तर सोडाच, पाणीही दिलं नाही. इथे नळाला हात कुणाचा लागला याची विचारपूस करायला कुणी येत नाही. जेवणाच्या टेबलावर पंगत वेगळी मांडली जात नाही. शिष्यवृत्तीच्या करारात या गोष्टीचा उल्लेख नव्हता आणि साडेअकरा पौंडांत ती मोजताही आली नसती. माझ्या मते त्या तीन वर्षांत मिळालेली सगळ्यांत मोठी वस्तू हीच होती. पदव्या तिच्यानंतर आल्या.

तुम्हाला वाटेल, नवा देश, नवं स्वातंत्र्य, पहिले काही महिने तरी माणूस शहर बघेल. पोचून पुरते तीन आठवडेही झालेले नाहीत, ४ ऑगस्ट आहे, आणि ते वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहीत बसलेत. पत्राचा आशय असा : आईबाप मुलांना जन्मच देतात, त्यांच्या नशिबाला हात लावू शकत नाहीत, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. मुलग्यांच्या जोडीनं मुलींनाही शिकवलं तर आपल्या लोकांची प्रगती किती तरी वेगानं होईल, आणि सुरुवात आपल्या जवळच्या माणसांपासून करावी. हे पत्र लंडनमार्गे मुंबईला पोचायला तीन-चार आठवडे लागतील. ते लिहिणाऱ्या तरुणानं अजून कोलंबियाच्या एकाही वर्गात पाऊल टाकलेलं नाही.

सप्टेंबरअखेर वर्ग सुरू होतात आणि इथे जरा रेंगाळण्यासारखं आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं वर्ष मिळालं नसतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती नुकतीच झालीय आणि ३ ऑक्टोबर १९१३ला देशाचा प्राप्तिकराचा कायदा मंजूर होतो. २३ डिसेंबरला फेडरल रिझर्व्हचा कायदा येतो, म्हणजे चलन आणि बँका कुणी सांभाळायच्या याचा सोक्षमोक्ष लागतो. प्राप्तिकरासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं लेखणी झिजवली ते एडविन सेलिग्मन वर्गात शिकवायला उभे आहेत. सार्वजनिक वित्त या विषयातलं त्या काळातलं हे मोठं नाव. केंद्रानं कुठला कर घ्यायचा, राज्यांनी कुठला, पैसा वरून खाली कसा उतरतो, हा वाद वर्गात आणि बाहेर वर्तमानपत्रात एकाच वेळी चाललाय. भीमरावांच्या पुढच्या प्रबंधाचा विषय कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नाही : ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी झाली, हाच तो.

त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठाकडे आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. ज्याला मुदतीची तारीख माहीत आहे आणि पुन्हा इथे येणं होईल याची खात्री नाही, असा माणूस दिसेल त्या वर्गात जाऊन बसतो. इतिहासाला रॉबिन्सन आणि शॉटवेल आहेत. तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई.

ड्युईंच्या वर्गात तुम्हीही बसा. वक्तृत्वाची अपेक्षा ठेवू नका. ते खुर्चीत बसून सावकाश बोलतात, मध्येच थांबतात, खिडकीबाहेर बघतात, हातातला कागद चुरगाळतात. वर्गातली मुलं कंटाळतात. पण टिपणं काढणाऱ्याला संध्याकाळी कळतं की हा माणूस आपल्यासमोर उघडपणे विचार करत होता. लोकशाही म्हणजे नुसती राज्य चालवण्याची तऱ्हा मानू नये, ती माणसांनी एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, असं ते मांडतात. पुढे बाबासाहेबांच्या लिखाणात हा विचार इतक्यांदा येतो की तो कुठे ऐकला असेल हे सांगावं लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांनीही ते ड्युईंच्या वर्गातल्या लकबींची मजेत नक्कल करून दाखवत, अशी आठवण त्यांच्या दुसऱ्या पत्नी सविताबाईंनी सांगितली आहे. वर्गातला शिक्षक इतका अंगात मुरतो, तेव्हा विद्यार्थी नुसत्या परीक्षेसाठी बसला नव्हता हे उघड आहे.

वर्ग सुटला की लायब्ररी. हिरव्या दगडाचे उंच खांब, वर घुमट, खाली वाचनाची टेबलं. सकाळी दार उघडायला तेच आणि रात्री उठवावं लागतं तेही त्यांनाच. १९१४च्या अखेरीला लाला लजपत राय न्यूयॉर्कला येतात आणि या तरुणाकडे त्यांचं लक्ष जातं. ते त्यांना राजकारणात ओढू पाहतात. भीमराव नम्रपणे नकार देतात : आधी अभ्यास, महाराजांना दिलेला शब्द मोडायचा नाही. देशभक्तीची हाक कानावर असताना पुस्तकात डोकं घालून बसणं सोपं नसतं. तेव्हाच्या काही हिंदी विद्यार्थ्यांनी या माणसाला थंड म्हटलं असेल तर नवल नाही. मला तो नकार फार मोठा वाटतो. लजपत रायांच्या मागे उभं राहायला देशात माणसं होती. भीमरावांच्या लोकांसाठी कोलंबियात बसलेला दुसरा कुणी नव्हता.

आता पैशाचं बघू. साडेअकरा पौंडांचे छप्पन्न डॉलर होतात. दिवसाला दोन डॉलरही पडत नाहीत. त्यात खोली, कपडे, थंडीतला जाड कोट, टपाल, जेवण. शिवाय यातलेच पैसे वाचवून घरी रमाबाईंना पाठवायचे. कीर सांगतात की जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटण किंवा मासळीची एक बशी. भूक त्या पोटाला मोठी होती. नाटक नाही, हॉटेल नाही. मग या काटकसरीतून वाचलेलं जातं कुठे, हे बघायचं असेल तर ११६व्या रस्त्यावर पुन्हा गाडीत बसा. गाडी न बदलता तुम्ही अ‍ॅस्टर प्लेसला उतराल. वर आलात की फोर्थ अव्हेन्यू, आणि युनियन स्क्वेअरपर्यंत जुन्या पुस्तकांची दुकानंच दुकानं. फुटपाथवर खोकी मांडलेली, आत शिडीवर चढून पुस्तक काढावं लागतं. या शहरात त्यांनी जुनी पुस्तकं घेतली ती सुमारे दोन हजार. मफिन दोनाचे तीन झाले नाहीत ते यामुळे.

पण परळच्या बाजूनंही हा हिशेब मांडायला हवा, आणि आपण तो फार कमी वेळा मांडतो. चाळीतली खोली, पदरी लहान मूल, नवरा चार वर्षं परदेशी, आलेल्या पैशांत महिना काढायचा. कोलंबियाच्या नोंदवहीत रमाबाईंचं नाव कुठेच नाही. त्या साडेअकरा पौंडांचा एक भाग त्यांनीही उपाशी राहून भरला, असं मी म्हणतो आणि ते अतिशयोक्तीनं म्हणत नाही.

एक दिवस मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतरून खाली हार्लेमच्या बाजूला चालत जा. टेकडीवर विद्यापीठ, खाली वस्ती. काळ्या लोकांची घरं इथे वाढू लागली आहेत. ज्या देशात भीमरावांना नळ मोकळा मिळाला त्याच देशाच्या राजधानीत १९१३ साली विल्सन सरकार काळ्या नोकरांना कचेऱ्यांत गोऱ्यांपासून वेगळं बसवायला लागलंय. मार्च १९१५मध्ये न्यूयॉर्कच्या पडद्यावर ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागतो आणि कू क्लक्स क्लॅनला नायक ठरवणाऱ्या त्या चित्रपटाविरुद्ध निषेध होतात. सेलिग्मन स्वतः काळ्या नागरिकांसाठी काम करणाऱ्या अर्बन लीगचे अध्यक्ष राहिलेले. भीमराव या रस्त्यांवरून काय विचार करत चालले हे सांगायला पुरावा माझ्याकडे नाही, आणि मी तो रचणारही नाही. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती किती सारखी आहे हे मांडलं, एवढं मात्र नक्की.

युरोपात युद्ध पेटतं. मे १९१५मध्ये न्यूयॉर्कहून निघालेली लुसिटानिया बुडते. त्याच महिन्यात भीमराव ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार या विषयावरचा एम.ए.चा प्रबंध पुरा करतात. मुदतीचं एक वर्ष उरलंय.

९ मे १९१६. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा अभ्यासवर्ग. गोल्डनवायझर कीव्हमध्ये जन्मलेले, फ्रांझ बोआस यांचे शिष्य. आज पंचवीस वर्षांचे हिंदी विद्यार्थी निबंध वाचणार आहेत, विषय ‘हिंदुस्थानातील जाती’. मागच्या बाकावर बसा आणि कान देऊन ऐका, कारण आपल्या घरातली गोष्ट परक्या देशात इतक्या थंड डोक्यानं मांडलेली तुम्ही क्वचितच ऐकली असेल.

ते म्हणतात, जातीचं मूळ लक्षण एकच : जातीतल्या जातीत लग्न. बाकीची सोवळीओवळी नंतरची. आता एक गट असा घ्या ज्यानं बाहेर लग्न करायचं नाही असं ठरवलंय. त्यात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बायका यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण मृत्यू काही हिशेब बघून येत नाही. नवरा मेला की एक बाई शिल्लक उरते. ती गटाबाहेर लग्न करील ही भीती, आणि गटात केलं तर दुसऱ्या मुलीचा नवरा कमी होईल ही अडचण. मग तिला नवऱ्याच्या चितेवर जाळा, किंवा केशवपन करून, विधवा म्हणून कोपऱ्यात बसवून तिची वाट बंद करा. आणि बायको मेलेला पुरुष? तोही शिल्लकच. पण पुरुषाला जाळायला समाज तयार नाही. त्याला संन्यास झेपत नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही प्रथांचे गोडवे गाणारी वचनं पुष्कळ आहेत, पण त्या सुरू कशासाठी झाल्या ते हे आहे, असं तो तरुण शांतपणे दाखवतो.

मग पुढचं पाऊल. एका वर्गानं स्वतःभोवती दार लावून घेतलं, तो पुरोहितांचा. इतरांनी काही अंशी त्याची नक्कल केली आणि काहींना बाहेरून दार लागलेलं आढळलं. मनूनं जाती निर्माण केल्या हे ते मानत नाहीत; एका माणसाच्या आज्ञेनं एवढं मोठं यंत्र उभं राहत नाही, मनूनं आधीच्याच प्रथेला शास्त्राचा शिक्का दिला. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांची मतं ते एकेक करून तपासतात. त्या यादीत एक मराठी नावही आहे : श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार. त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड १९०९ साली याच न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी छापला गेला, ते कॉर्नेलमध्ये शिकत असताना. म्हणजे सात वर्षांच्या अंतरानं दोन मराठी विद्यार्थी अमेरिकेत बसून आपल्याच समाजाची नाडी बघत होते. मराठी माणसानं अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि आपण ती सांगत नाही.

वर्ग संपतो. पुढच्या वर्षी, मे १९१७मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून येतो.

जून १९१६. डॉक्टरेटचा प्रबंध सादर. कीर लिहितात की सहाध्यायांनी आणि प्राध्यापकांनी त्यांना मेजवानी दिली. लगेच लंडन : ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला नाव, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र. शिष्यवृत्तीला वाढ मिळाली ती एका वर्षाची. ते संपल्यावर बडोद्याहून बोलावणं आलं आणि अभ्यास अर्धा टाकून निघावं लागलं. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलेलं होतं. पाणबुडीनं ती बुडवली आणि निवडून घेतलेली कितीतरी पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. २१ ऑगस्ट १९१७ला भीमराव मुंबईत उतरले. पुस्तकांची नुकसानभरपाई सहाशे रुपये मिळाली.

सप्टेंबर. पुन्हा बडोदं, जिथून तुम्ही निघालात तेच. कराराप्रमाणे माणूस हजर आहे. महाराजांनी लष्करी सचिव म्हणून नेमणूक केलीय. स्टेशनवर उतरवून घ्यायला कुणी यावं असा त्यांचा हुकूम असूनही कुणी आलेलं नाही. बाबासाहेबांनी पुढे लिहिलंय की अमेरिका-युरोपातल्या वास्तव्यानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि स्टेशनवर उभं असताना प्रश्न पडला : जायचं कुठे? हिंदू खाणावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावानं नोंद करून ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाहेरचा मोठा दिवाणखाना मोडक्या बाकांनी आणि अडगळीनं भरलेला, विजेचा दिवा नाही, कंदील, आणि अंधारात वटवाघळं. कोलंबियाचा एम.ए. कंदिलाच्या उजेडात वाचत बसलेला बघा. कचेरीत शिपाई लांबून फायली टेबलावर फेकतात, प्यायला पाणी मिळत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड. भीमरावांनी आठ तासांची मुदत मागून घेतली आणि एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तू घरी आलास तर नोकर सोडून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. त्यानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं. तीही दोघं मूळची ब्राह्मण घरातली. तिथलंही दार लागलं. मग कामाठी बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून आले.

४ जून १९१३चा कागद आता पुन्हा वाचा. दहा वर्षं नोकरीची अट आहे, मुदत आहे, रक्कम आहे. त्यांच्या बाजूनं शिक्षणाचं जे जे मागितलं होतं ते त्यांनी पुरं केलं आणि त्याहून जास्त केलं. राजानं पैसे दिले, वेळेवर दिले. पण डॉक्टरेटचा प्रबंध लिहून परत येणाऱ्या माणसाला बडोदे शहरात राहायला एक खोली मिळेल, हे कागदात कुणी लिहिलं नव्हतं, कारण ते राजाच्या हातात नव्हतं. ते शहराच्या हातात होतं आणि शहरानं कुठेही सही केली नव्हती. अकरा दिवसांत सहा हजारांची शिष्यवृत्ती वाया घालवली ती बडोद्याच्या भाडेकरू ठेवणाऱ्यांनी.

भीमरावांनी ती वाया जाऊ दिली नाही. १९२० साली स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनाचं पाच हजारांचं कर्ज घेऊन ते लंडनला परत गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. कोलंबियाचा प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, आणि १९२७ साली पीएच.डी. हाती आली. पुस्तक अर्पण केलंय सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. बडोद्याच्या त्या रात्रीनंतरही.

आता घरी या. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घेऊन आजही मुलंमुली लंडनला, न्यूयॉर्कला शिकायला जातात आणि शिकून परत येतात. नोकरी मिळाली की ती पुण्यात, मुंबईत, नागपुरात, बडोद्यात खोली शोधतात. त्यांतलं कुणी तुमच्या इमारतीत चौकशीला आलं तर भाडं किती ते सांगा, अनामत किती ते सांगा आणि किल्ली द्या. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारू नका, आणि सोसायटीच्या सभेत दुसऱ्या कुणी विचारला तर गप्प बसू नका.